मिल हाऊसमधल्या रॅकचा ताप कसा मोजायचा

डिसेंबरातली रात्र, दोन वाजून गेलेले. वजनकाट्यावरून फोन आला, "साहेब, काटा लटकलाय. स्लिप निघंना झालीया." बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग गेटच्या पलीकडे रस्त्यावर गेलेली आणि ड्रायव्हर शेकोटीभोवती बसून आमचाच उद्धार करत होते. काट्याची फायबर (नेटवर्कची केबल) मिल हाऊसमधल्या, म्हणजे ऊस पिळतात तिथल्या, नेटवर्कच्या रॅकमधून पुढे जाते. तो रॅक उघडला तर तंदूरचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर आली. पंख्याच्या जाळीवर बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) भुशाचा गोधडीएवढा जाड थर बसला होता. पंखा फिरत होता, पण हवा आत येत नव्हती. आत ऑफिसात वापरतात तसला साधा नेटवर्क स्विच होता, तो गप्प पडलेला. रॅकला लागूनच भिंतीवर बाजारातला एक थर्मामीटर टांगलेला होता, आणि तो ३४ अंश दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी तिथेच नवा स्विच लावून आत प्रोब सोडला. तासाभरात ६१. त्या स्विचच्या कागदावर कमाल तापमान लिहिलं होतं ४० अंश.

तेव्हापासून पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यात मी नेटवर्कसोबत नेटवर्कच्या भोवतालची हवाही सांभाळतो. हे काम कुणी शिकवत नाही. आयटीवाल्याला वाटतं ते इन्स्ट्रुमेंट विभागाचं आहे, इन्स्ट्रुमेंटवाल्याला वाटतं ते आयटीचं. तुम्ही एखाद्या कारखान्यात, सूतगिरणीत, फाउंड्रीत किंवा दूध संघात नव्याने रुजू झाला असाल आणि "ते रॅकचं जरा बघा" एवढ्यावर तुमची बोळवण झाली असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण ती कळायला मला तीन हंगाम लागले. मी उष्णतेला शत्रू धरून बसलो होतो. मेलेल्या उपकरणांच्या तारखा वहीत लिहीत गेलो तेव्हा दिसलं की बरीचशी उपकरणं गाळप चालू असताना मेलीच नव्हती. कारखाना बंद, वीज बंद, बाहेर पाऊस, अशा जून ते ऑक्टोबरच्या काळात ती आतून गंजली आणि बॉयलर पेटवायच्या दिवशी उठलीच नाहीत. म्हणून खालची प्रत्येक पायरी बारा महिन्यांचा विचार करून करा.

१. आधी फिरा, खरेदी नंतर

पहिल्या आठवड्यात एक रुपयाही खर्च करू नका. हातात नकाशा आणि एक डिजिटल थर्मो-हायग्रोमीटर (तापमान आणि आर्द्रता दाखवणारा) घेऊन प्रत्येक रॅकपाशी जा, तेही तीन वेळा: भर दुपारी, पहाटे आणि मिल बंद पडलेली असताना. आमच्याकडे पहाटे चारला पाळी बदलते. त्या वेळी गेलात तर रात्रपाळीवाले जाता जाता खरं काय ते सांगतात. "साहेब, या बॉक्सवर वरनं पाणी ठिबकतंय" हे मला कुठल्याही सेन्सरने सांगितलं नव्हतं, एका ऑइलमनने सांगितलं.

एकाच कारखान्यात सहा वेगवेगळी हवामानं असतात. गव्हाणीपाशी (ऊस टाकतात तिथे) धूळ आणि माती. मिल हाऊसला रसाची वाफ, भुसा आणि जमिनीतून येणारी थरथर. पॅन फ्लोअरला (रस आटवून साखर पाडतात तिथे) उकाडा आणि दमटपणा, अंगावर घेतलेला सदरा दहा मिनिटांत चिकटतो. बॉयलरजवळ कोरडी धग आणि राख. सल्फर बर्नरच्या बाजूला गंधकाचा वास. ईटीपीकडे (सांडपाणी शुद्धीकरणाकडे) सडक्या अंड्याचा. या सगळ्यांना एकच रॅक आणि एकच सेन्सर लावणं म्हणजे सगळ्या बैलांना एकाच मापाचं जू.

डिस्टिलरी असेल तर तिथे थांबा. इथेनॉलची वाफ असणाऱ्या भागात साधा सेन्सर, साधा स्विच, साधी बॅटरी काहीही न्यायचं नाही. तिथे ज्वालारोधक (फ्लेमप्रूफ), पेसोची (स्फोटकं आणि ज्वालाग्राही पदार्थांची सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेची) मान्यता असलेलीच उपकरणं चालतात आणि सेफ्टी ऑफिसरच्या सहीशिवाय स्क्रू ड्रायव्हरही काढायचा नाही. या लेखातलं काहीच त्या भागाला लावू नका.

फिरताना ही कागदपत्रं गोळा करा:

- कारखान्याचा लेआउट आणि त्यावर फायबरचा मार्ग (नसेल तर तुम्हीच काढा, बहुधा नसतोच)
- प्रत्येक स्विच, मीडिया कन्व्हर्टर, यूपीएस यांचं माहितीपत्रक. त्यातली "ऑपरेटिंग टेम्परेचर" आणि "ह्युमिडिटी" या दोन ओळी अधोरेखित करून
- रॅकला वीज कुठल्या पॅनलमधून, कुठल्या फेजवरून येते त्याची नोंद
- वर्क परमिटचा कोरा नमुना
- पाळीनिहाय फोन नंबर: शिफ्ट इंजिनिअर, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक

आणि ही अवजारं: मल्टीमीटर, आरएस-४८५ (सेन्सरची लांब पल्ल्याची वायर-जोडणी) ते यूएसबी कन्व्हर्टर, केबल ग्लँड, फेरूल आणि क्रिम्पर, लेबल छापायचं यंत्र, टॉर्च, चांगला मास्क. मास्क विसरू नका. बगॅसच्या बारीक भुशाने फुप्फुसाचा वेगळा आजारच होतो, त्याला बगॅसोसिस म्हणतात.

२. घरात आहे ते आधी वाचा

बहुतेक मॅनेज्ड स्विचच्या पोटात तापमानाचा सेन्सर असतोच. एसएनएमपीवरून (नेटवर्कवरून उपकरणाची तब्येत विचारायची पद्धत) तो फुकट वाचता येतो. फायबरच्या एसएफपी मॉड्यूलमध्ये (स्विचमध्ये खुपसून फायबर जोडतात तो तुकडा) डीडीएम, म्हणजे स्वतःची तब्येत सांगायची सोय, असेल तर त्याचं तापमान आणि प्रकाशाची ताकदही मिळते. झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएस या देखरेखीच्या प्रोग्रॅमपैकी एक, एखाद्या जुन्या पीसीवर लिनक्स टाकून बसवा. दोन्हीला परवान्याचे पैसे लागत नाहीत.

मात्र स्विचच्या आतला आकडा म्हणजे खोलीचं तापमान नव्हे. चिपजवळचा तो आकडा हवेपेक्षा १५-२० अंशांनी जास्त असू शकतो आणि मॉडेलगणिक बदलतो. तो किती आहे यापेक्षा काल याच वेळी किती होता ते बघा. साध्या एसएफपीची मर्यादा ७० अंश असते आणि इंडस्ट्रियलची ८५, म्हणून मिल हाऊसमधल्या लिंकवर साधं मॉड्यूल दिसलं तर लगेच नोंद करा. आमच्या त्या काट्याच्या लिंकवर ते साधंच होतं.

एसएनएमपीची कम्युनिटी (तिचा पासवर्डच म्हणा) "पब्लिक" अशी ठेवू नका. कारखान्याचं नेटवर्क कोण बघायला येणार, असं म्हणणारा भेटेल. त्याच नेटवर्कवर बॉयलरचा डीसीएस (बॉयलर चालवणारी नियंत्रण यंत्रणा) असतो हे त्याला सांगा.

३. काय मोजायचं आणि काय सोडून द्यायचं

रॅकच्या आतलं तापमान, आतली आर्द्रता, वीज आणि दार हे चार तर मोजायचेच. पाणी ठिबकायची शक्यता असेल तर तळाशी गळतीची दोरी (पाणी लागलं की कळवणारा सेन्सर).

आर्द्रतेचा आकडा एकटा फसवतो. खरं कामाचं असतं ते दवबिंदू, म्हणजे हवा कुठल्या तापमानाला आली की तिच्यातलं पाणी बाहेर पडेल ते. मोजायची सोपी युक्ती आहे: आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तर १०० पासून ती जितकी कमी, त्याला ५ ने भागा आणि तापमानातून वजा करा. ३० अंश आणि ८० टक्के असेल तर २० भागिले ५ म्हणजे ४, दवबिंदू साधारण २६. आता रॅकचा पत्रा रात्री २५ वर आला की आतून घाम फुटणार. पावसाळ्यात २६ अंश आणि ९० टक्के हवा असते तेव्हा दवबिंदू २४. पत्रा फक्त दोन अंशांनी गार व्हायचा अवकाश. बंद पडलेल्या, थंड रॅकमध्ये हे रोज रात्री घडतं. चालू रॅक मात्र स्वतःच्या उबेने कोरडा राहतो.

उलटी गंमत एसीच्या खोलीत होते. पॅन फ्लोअरला लागून आमची एक छोटी कंट्रोल रूम आहे. बाहेर ३८ अंश आणि ७० टक्के, म्हणजे दवबिंदू जवळजवळ ३२. आत एसी २२ वर. कुणीतरी चहा घेऊन आला, दार पायाने उघडं ठेवलं, आणि गार स्विचच्या पत्र्यावर पाणी जमलं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जमतं तसं. तिथे एसी २२ वरून २७ वर नेला आणि दाराला क्लोजर बसवला. उपकरणांना थंडी वाजवायची गरज नसते. सर्व्हर रूमसाठी अॅश्रेची (वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संघटनेची) शिफारससुद्धा १८ ते २७ अंश अशी आहे.

धूळ मोजायला मी कणमापक सेन्सर घेऊन बघितला. आठवड्यात त्याचंच नाक भुशाने बुजलं. त्याऐवजी रॅकच्या तळाला पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवा आणि दर सोमवारी मोबाइलने फोटो काढा. कारखान्यात यापेक्षा चांगला धूळमापक मला अजून सापडलेला नाही.

गंज आणणाऱ्या वायूंसाठी तांब्याची आणि चांदीची पट्टी ३० दिवस टांगून प्रयोगशाळेत पाठवायची पद्धत आहे. आयएसए ७१.०४ या मानकात त्यावरून जागेचा वर्ग ठरतो: तांब्यावरचा थर ३०० अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर जी१, म्हणजे सौम्य; २००० च्या पुढे गेला तर जीएक्स, म्हणजे तिथे साधं इलेक्ट्रॉनिक्स ठेवूच नका. सुरुवातीला एवढं नको. घासून चकचकीत केलेली तांब्याची पट्टी सल्फर बर्नरजवळच्या रॅकमध्ये टांगा आणि तिची जुळी बहीण ऑफिसात. महिन्याने शेजारी ठेवा. आमची बर्नरकडची पट्टी काळपट झाली होती आणि ऑफिसातली नुसती मंदावली होती. तो फोटो चीफ इंजिनिअरना दाखवला आणि रॅक तिथून हलवायची परवानगी त्याच संध्याकाळी मिळाली. त्याआधीची माझी तीन पत्रं फायलीत पडून होती.

४. सेन्सर निवडताना

निळ्या डबीतला डीएचटी११ शिकायला ठीक, कामाला नाही. तो तापमानात २ अंश आणि आर्द्रतेत ५ टक्के इकडेतिकडे चालतो. दवबिंदूचा सगळा खेळच दोन अंशांचा असताना हा उपयोगाचा नाही.

नुसत्या तापमानासाठी डीएस१८बी२०, स्टीलच्या नळीतला, स्वस्त आणि मस्त. अर्ध्या अंशाची अचूकता. पण त्याचे दोन भुताटकी आकडे लक्षात ठेवा. वीज आल्या आल्या मोजमाप व्हायच्या आधी वाचलात तर तो ८५ दाखवतो, आणि वायर तुटली की बऱ्याच प्रोग्रॅममध्ये उणे १२७ येतो. उणे १२७ बघून कुणीही हसेल. बॉयलरजवळ ८५ मात्र खरा वाटतो. मी त्या आकड्यापायी एकदा रविवारी दुपारी जेवणावरून उठून गेलो आहे. ठीक ८५.० दिसला की आधी वायरिंग तपासा. बाजारात नकलीही फार आहेत, त्यामुळे ओळखीच्या वितरकाकडूनच घ्या.

तापमान आणि आर्द्रता एकत्र हवी असेल तर एसएचटी३१ जातीची चिप असलेला, आरएस-४८५ वर मॉडबस (अशा उपकरणांची ठरलेली भाषा) बोलणारा ट्रान्समीटर घ्या. २४ व्होल्ट डीसीवर चालणारा, डीआयएन रेलवर बसणारा. त्याच्या डोक्यावर जाळीची टोपी असते ती भुशाच्या जागी बारीक छिद्रांची मागा.

बॉयलरच्या कडेला ८०-९० अंशांच्या वर जायची शक्यता असेल तिथे पीटी१००. त्याचा रोध शून्य अंशाला बरोबर १०० ओहम, शंभरला १३८.५. मल्टीमीटर लावून तपासता येतो, म्हणून मला तो आवडतो. तीन वायरचा घ्या, नाहीतर लांब केबलचा रोधही तापमानात मिसळतो. इन्स्ट्रुमेंट विभागाच्या कपाटात दोन-चार पडलेले असतातच, गोड बोलून मिळतात.

वाय-फायचे छोटे बोर्ड मी गोदामात आणि ऑफिसात वापरतो. मिल हाऊसमध्ये लोखंडाच्या जंगलात त्यांचा आवाज पोचत नाही.

खोक्याचा आयपी ६५ हा आकडा म्हणजे नेटवर्कवाल्यांचा आयपी नव्हे, हे सांगायची वेळ माझ्यावर खरंच आलेली आहे. पहिला ६ म्हणजे धूळ अजिबात आत नाही, दुसरा ५ म्हणजे पाण्याचा फवारा झेलेल. पण ६५ चं खोकं घेऊन त्याला ड्रिलने मोठं भोक पाडलं, ग्लँड न लावता केबल घुसवली आणि वर एम-सील थापलं, की ते ६५ राहत नाही. आमच्याकडचे निम्मे रॅक असेच होते. शिवाय हवाबंद खोक्यातली उष्णता बाहेर पडायला पत्र्याशिवाय वाट नसते, म्हणून त्यात कॅमेऱ्यांना वीज पुरवणारा पीओई स्विच कोंबण्याआधी दोनदा विचार करा.

५. सेन्सर कुठे बसवायचा

इथेच सगळे चुकतात. मीही चुकलो होतो, भिंतीवरचा ३४ बघून.

रॅकमध्ये दोन सेन्सर लावा. एक खाली, हवा जिथून आत येते तिथे; दुसरा वर, जिथून बाहेर जाते तिथे. स्विचला किंवा पॉवर सप्लायला टेकवू नका, पंख्याच्या थेट झोतात ठेवू नका, दाराच्या पत्र्याला चिकटवू नका. बाहेर उन्हात येणारा रॅक असेल तर दाराकडून दोन विती आत.

वरचा वजा खालचा, हा फरक दर पाच मिनिटांनी लिहिला जाऊ द्या. स्वच्छ जाळी असताना आमच्या मिल हाऊसच्या रॅकमध्ये फरक ६ अंश असतो. जाळी भरायला लागली की ८, ९, ११ असा चढतो. बाहेर थंडी असो वा ऊन, फरकाला त्याचं घेणंदेणं नाही. तुमच्या रॅकचा स्वच्छ फरक वेगळा निघेल. तो जाळी धुतल्या दिवशी लिहून ठेवा आणि दीडपट झाला की जाळी धुवायला माणूस पाठवा. पूर्वी आम्ही "दर पंधरा दिवसांनी" जाळ्या धुवायचो. आता गव्हाणीकडची पाच दिवसांत धुतो आणि लॅबजवळची महिनाभर तशीच चालते.

वजनकाट्याच्या केबिनमध्ये एक पथ्य पाळा. इंडिकेटर आणि जंक्शन बॉक्सला वैधमापन विभागाचं सील असतं. आत जागा रिकामी दिसते, पण तिथे सेन्सर ठेवायच्या मोहात पडू नका. सील तुटलं तर काटा पुन्हा तपासून शिक्का मिळेपर्यंत बंद. हंगामात काटा बंद म्हणजे काय ते शेतकी अधिकारी तुम्हाला चांगलं समजावून सांगतील.

६. वायर ओढणे

आरएस-४८५ ला १२०० मीटरपर्यंत जाता येतं, आणि एका वायरवर ३२ उपकरणं बसतात. एकामागून एक, माळेसारखी. मधूनच फांद्या फोडायच्या नाहीत. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध. शील्ड असलेली पिळाची केबल घ्या आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करा.

मिल आणि फायब्रायझरच्या (उसाचे तंतू करणाऱ्या यंत्राच्या) मोटरींना व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारी उपकरणं) असतील तर त्यांच्या केबलच्या ट्रेमधून सेन्सरची वायर नेऊ नका. किमान एक फूट अंतर, आणि ओलांडायची वेळ आली तर काटकोनात. आमचा एक सेन्सर रोज ठरावीक वेळी वेडेवाकडे आकडे द्यायचा. आठवडाभर तो बदलत बसलो. शेवटी कळलं की त्या वेळी शेजारच्या ट्रेमधला एक पंप सुरू व्हायचा.

दोन इमारतींच्या मध्ये तांब्याची वायर टाळा, फायबर टाका. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं असतं आणि वळवाच्या पावसात वीज पडली की तांबं तिला घरात घेऊन येतं.

मॉडबसचं जुळवणं टेबलावर करा, शिडीवर चढून नाही. प्रत्येक सेन्सर एकेकटा लॅपटॉपला जोडा, पत्ता बदला (सगळे बनवणाऱ्या कंपनीकडून १ नंबरच घेऊन येतात), वेग ९६०० ठेवा, पत्त्याचं लेबल चिकटवा. उत्तर येत नसेल तर ए आणि बी वायरी उलट करून बघा; कोण कशाला ए म्हणतो यावर कंपन्यांचं एकमत नाही. आकडा भलताच येत असेल तर रजिस्टरचा नंबर एकाने पुढेमागे करून बघा, कारण काही पुस्तकं शून्यापासून मोजतात, काही एकपासून. आणि ३१२ आलं तर घाबरू नका, ते ३१.२ आहे.

सेन्सर, गेटवे आणि निदान एक स्विच यूपीएसवर हवेत. वीज गेली तेव्हा नेमकं काय झालं हेच तर बघायचं असतं. यूपीएसची बॅटरी मात्र त्याच तापलेल्या रॅकमध्ये ठेवू नका. सीलबंद लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर धरलेलं असतं आणि त्यापुढे दर ८-१० अंशांना जवळपास निम्मं होतं. पाच वर्षांची बॅटरी दीड वर्षात का फुगली याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

७. मिठाची परीक्षा

नवा सेन्सर खरं बोलतो का, हे बसवण्याआधी तपासा. घट्ट झाकणाची बरणी घ्या. छोट्या वाटीत साधं मीठ, त्यात पाण्याचे थेंब टाकत ओल्या वाळूसारखं करा. विरघळून पाणी होता कामा नये. वाटी बरणीत, सेन्सर वर लटकवलेला, मिठाला न टेकता. झाकण लावा, वायर जाते तिथे टेप. रात्रभर एकाच तापमानाच्या जागी ठेवा. सकाळी आर्द्रता ७५ टक्के दिसली पाहिजे. ७३ ते ७७ ठीक. ८२ दाखवत असेल तर तो फरक नोंदवून प्रोग्रॅममध्ये वजा करा, किंवा परत पाठवा.

तापमानासाठी थर्मासमध्ये कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी. त्यात जलरोधक प्रोब शून्य दाखवेल. ऑडिटसाठी कागद लागत असेल तर एक सेन्सर एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून आणा आणि बाकीचे त्याच्याशी ताडून बघा. सगळे पाठवण्यात पैसे घालवू नका.

दर वर्षी बॉयलर पेटवायच्या आधी ही परीक्षा पुन्हा घ्या. गंधकाच्या हवेत आर्द्रतेचे सेन्सर हळूहळू खोटं बोलायला लागतात.

८. अलार्म कुणाला, केव्हा

मर्यादा उपकरणाच्या कागदावरून काढा. स्विच ६० अंशांचा असेल तर रॅकच्या हवेला ५० वर सूचना, ५५ वर बोंब. पाच मिनिटं सलग तसं राहिलं तरच अलार्म, आणि तीन अंश खाली आल्यावरच तो मिटू द्या; नाहीतर ४९.९ आणि ५०.१ च्या मध्ये रात्रभर घंटा वाजते. दुसरा नियम वेगाचा: दहा मिनिटांत ५ अंश चढले तर मर्यादेची वाट न बघता कळवा, पंखा बंद पडला असेल किंवा जवळ वाफेची गळती असेल. तिसरा दवबिंदूचा: रॅकच्या पत्र्याचं तापमान आणि दवबिंदू यांत तीन अंशांपेक्षा कमी अंतर. त्यासाठी एक डीएस१८बी२० पत्र्यालाच चिकटवा. पत्र्यापासून लांब राहायचं पथ्य हवेच्या सेन्सरला, याला नाही.

सगळ्यात महत्त्वाचा अलार्म आकडा न येण्याचा. स्विचच मेला तर त्याच्यामागचे सेन्सर काय सांगणार? दहा मिनिटं काहीच आलं नाही तर तीही बातमी समजा. झॅबिक्समध्ये यासाठी नोडेटा नावाची सोय आहे. आणि निरोप कारखान्याच्या इंटरनेटवर अवलंबून ठेवू नका, सर्व्हरला सिमकार्डाचा मोडेम लावून एसएमएस पाठवा.

पहिल्या वर्षी मी सगळे अलार्म स्वतःच्या मोबाइलवर लावले होते. रात्री तीन वाजता उठून मी करणार काय, तर शिफ्ट इंजिनिअरला फोन. मग निरोप सरळ त्या पाळीच्या माणसालाच जाऊ लागला, मराठीत, आणि काय करायचं त्यासकट: "मिल हाऊस रॅक ३. तापमान ५६. जाळी झटका, पंखा बघा, दार उघडं ठेवू नका." या शेवटच्या वाक्यामागे इतिहास आहे. गरम झालं म्हणून लोक दार उघडं ठेवतात, त्यात भुसा शिरतो, आणि दोन दिवसांनी आणखी गरम होतं. दाराचा रीड स्विच (दार उघडलं की कळवणारा चुंबकी स्विच) त्याचसाठी.

९. पट्टा पडला की खरी ड्यूटी

गाळप संपतं, मोळ्या संपतात, टर्बाइन थांबतं. इलेक्ट्रिकलवाले विभागवार वीज कापायला लागतात. याच आठवड्यात तुम्ही कोपऱ्यात उभं राहून भांडायचं आहे. प्रत्येक रॅकला कमीत कमी एक बारीक लाइन चालू राहिली पाहिजे. स्विच चालू ठेवता आला तर उत्तम, त्याची ऊब पुरते. नाहीच जमलं तर मोटरींच्या पॅनलमध्ये असतो तसला छोटा स्पेस हीटर आणि त्याला हायग्रोस्टॅट, ६० टक्क्यांच्या वर गेलं की चालू. सिलिका जेलच्या पुड्या दाराला नीट रबर असेल तरच ठेवा, नाहीतर त्या चार दिवसांत सगळ्या परिसराची हवा पिऊन रंग बदलतात.

न वापरातल्या प्रत्येक पोर्टला आणि एसएफपीला रबरी बूच. केबलची भोकं ग्लँडने बुजवा. पावसाळ्यात ऊबदार, कोरडा रॅक पाली, मुंग्या आणि उंदीर यांनाही आवडतो. आमच्या गोदामाकडच्या रॅकमध्ये सुंभ आणि पोत्याच्या धाग्यांचं सुबक घरटं निघालं होतं, आत पाच पिल्लं. फायबरचा पॅचकॉर्ड त्यांनी उशाला घेतला होता.

रसाचे, मळीचे डाग ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळवून मगच दार लावा. साखरेचा चिकटा हवेतलं पाणी ओढतो आणि मुंग्यांनाही. कॉम्प्रेसरची हवा सरळ स्विचवर मारू नका, लाइनमध्ये पाणी आणि तेल असतं. आधी हातावर मारून बघा. आणि सेन्सरच्या नोंदी बंद करू नका. जुलै-ऑगस्टचा आलेख हंगामापेक्षा जास्त शिकवतो: कुठला रॅक रोज पहाटे दवबिंदूला शिवतो, तो आधी बदलायचा.

बॉयलर पेटवायच्या आधी तीन आठवडे सगळे रॅक उघडून बघतो. मागच्या वर्षी सल्फर बर्नरकडच्या जुन्या जागेत एक पॅचपॅनल तसाच राहून गेला होता, त्याची वीज मीच तोडायला लावली होती. पोर्टांच्या पिना हिरव्या झालेल्या. तो काढून काट्याच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगला आहे. नवा माणूस आला की काटा क्लार्कच त्याला ते दाखवतो.